गंज : लोखंडाचा क्षय आणि त्यावरील इलाज



बाजारात मडके घेताना आपण ते बोटाने वाजवून पाहतो. आवाज खणखणीत आला तर मडके शाबूत, बद्द आला तर कोठेतरी तडा आहे असे समजतो. वाहन घेताना किंवा वापरताना मात्र हे शहाणपण आपल्याला सुचत नाही. तेथे आपण रंग पाहतो आणि समाधान मानतो. रंगावर विसंबल्याने काय होते, हे मला दोन वर्षांपूर्वी फार जवळून कळले. त्या अनुभवातून गंजाविषयी आणि रंगकामाविषयी जे शिकावे लागले, ते या लेखात सांगण्याचा विचार आहे.

माझ्याकडे एक जुनी 'चेतक' स्कूटर आहे. माझ्या वडिलांनी ती १९८६ साली गोव्यात घेतली. त्या वेळी आमचे बिऱ्हाड मांडवी नदीच्या उत्तर तीरावर बेती येथे होते आणि वडिलांची नोकरी दक्षिण तीरावरील पणजीत. स्कूटर घरी आली त्याच वर्षी, ५ जुलै १९८६ रोजी, मांडवीवरील नेहरू पूल कोसळला. बांधून जेमतेम पंधरा-सोळा वर्षे झालेला पूल! खाऱ्या हवेने आतील पोलादाला लागलेला गंज हे त्याचे एक कारण मानले गेले. नवा पूल होईपर्यंत पुढे काही वर्षे माणसे आणि वाहने फेरीबोटीतून नदी ओलांडीत. वडीलही स्कूटरसह रोज दोन वेळा फेरीबोटीत चढत. भरतीच्या वेळी खाडीचे पाणी फळीवरून आत येई आणि स्कूटरचे पोट त्याने भिजे. गंजाने पूल पाडला हे सर्वांना ठाऊक होते. तोच गंज आपल्या पायांखालीही घर करीत आहे, हे मात्र कोणाच्या ध्यानात आले नाही.

लग्नानंतर मी बऱ्हाणपूरला आले. पुढे वडिलांना गाडी चालविणे झेपेना, तेव्हा पेट्रोलची टाकी रिकामी करून त्यांनी ती आगगाडीच्या पार्सल डब्यातून माझ्याकडे पाठविली. पाठविण्यापूर्वी त्यांनी ती एका कारखान्यातून रंगवून घेतली होती. गाडी इतकी देखणी दिसत होती की शेजारचे लोक पाहावयास आले. त्यानंतर दोन वर्षांनी, एका सकाळी माझी आठ वर्षांची मुलगी नेहमीप्रमाणे पुढे, पाय ठेवायच्या पत्र्यावर उभी होती. गाडी खड्ड्यातून गेली आणि तिचा डावा पाय पत्र्यातून आरपार गेला. सुदैवाने वेग फारच कमी होता. चप्पल अडकली, घोट्याला खरचटले, एवढ्यावर निभावले. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन रबरी चटई उचलली. खाली पत्रा नव्हताच. तांबूस पापुद्रे होते, त्यांवर बोटभर जाडीचा लांबीचा थर आणि त्यावर तो सुंदर आकाशी रंग. मुलांना पुढे उभे करण्याची चूक माझी होती आणि ती मी पुन्हा केलेली नाही. परंतु त्या पत्र्यालाच मागील चाकाचा पायब्रेक जोडलेला असतो. तो पत्रा आणखी काही दिवसांनी, भर रहदारीत ढासळला असता तर काय झाले असते, याचा विचार करणेही नको वाटते.

चेतकला सांगाडा नाही

येथे चेतकची रचना थोडी सांगितली पाहिजे. इटलीतील पियाजिओ कंपनीने १९४६ साली 'व्हेस्पा' नावाची स्कूटर बाजारात आणली. तिचे रचनाकार कोर्रादिनो द'आस्कानिओ हे मूळचे विमानविद्येतील अभियंते. सायकल वा मोटारसायकल यांना नळ्यांचा सांगाडा असतो आणि बाकीचे भाग त्यावर बसविलेले असतात. द'आस्कानिओंनी सांगाडा वगळला आणि दाबून आकार दिलेल्या पोलादी पत्र्यालाच सांगाड्याचे काम दिले. हीच व्हेस्पा परवान्याने बनवून बजाज कंपनीने आपल्याकडील स्कूटरचा पाया घातला आणि १९७२ साली राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव देऊन पुण्याजवळच्या आकुर्डीची 'चेतक' बाजारात आली. एके काळी ती मिळविण्यासाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. २०२० पासून त्याच नावाची विजेवर चालणारी गाडी विक्रीस आली आहे. परंतु आपण बोलत आहोत ती जुन्या चेतकविषयी.

या रचनेचा अर्थ असा की, मोटारसायकलच्या टाकीला गंज लागला तर टाकी बिघडते. चेतकच्या पत्र्याला गंज लागला तर गाडीचा कणाच मोडतो. म्हणून तेथे गंज झाकणे म्हणजे रोग्याच्या अंगावर नवी शाल पांघरून तो बरा झाला असे म्हणण्यासारखेच आहे.

गंज म्हणजे काय?

मी कलाशाखेची पदवीधर. रसायनशास्त्राशी माझी फारकत शाळेतच झाली होती. परंतु गरज पडली की माणूस पुन्हा विद्यार्थी होतो. आमच्या शाळेतील विज्ञानशिक्षकांच्या टेबलाशी मी मधल्या सुट्टीत वही घेऊन बसू लागले. त्यांनी मला समजावून दिलेली गोष्ट सोप्या शब्दांत अशी आहे.

लोखंड खाणीत शुद्ध स्वरूपात सापडत नाही. ते प्राणवायूशी जखडलेले, तांबड्या दगडाच्या रूपात सापडते. भट्टीत कोळशाच्या साहाय्याने आपण ते बळाने सोडवितो. गंजणे म्हणजे लोखंडाने पुन्हा आपल्या मूळ घरी परतणे होय. मात्र या परतीच्या प्रवासाला हवा आणि पाणी हे दोन्ही सोबती लागतात. केवळ कोरड्या हवेत ते गंजत नाही. हवा पूर्णपणे काढून टाकलेल्या पाण्यातही जवळजवळ गंजत नाही.

ही क्रिया विजेच्या घटासारखी चालते. पत्र्यावर पाण्याचा थेंब पडला की थेंबाच्या कडेला हवेतील प्राणवायू भरपूर मिळतो, मध्यभागी तो कमी पोचतो. जेथे प्राणवायू कमी, तेथील लोखंड विरघळू लागते आणि त्यातून सुटलेले ऋणविद्युत्कण पत्र्यातून कडेकडे धावतात. तेथे प्राणवायू व पाणी त्यांना स्वीकारतात आणि पुढे जो पदार्थ तयार होतो तो आपला तांबडा गंज. येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. गंज दिसतो एका ठिकाणी, पण खड्डा पडतो दुसऱ्या ठिकाणी. आणि तोही जेथे हवा कमी पोचते तेथे. रबरी चटईखाली, दोन पत्र्यांच्या सांध्यात, चिखल साचलेल्या कोपऱ्यात लोखंड लवकर का खाल्ले जाते, याचे उत्तर यातच आहे.

मिठाचे पाणी असेल तर ही वीज अधिक सुलभतेने वाहते, म्हणून किनाऱ्यावर गंज झपाट्याने वाढतो. बऱ्हाणपूरची हवा वर्षातील बरेच महिने कोरडी. मग येथे येऊन गंज थांबला का नाही? कारण मीठ गाडीबरोबरच आले होते. पत्र्याच्या बारीक खड्ड्यांत ते दडून बसले होते. हे मीठ हवेतील ओलावा ओढून घेते आणि पावसाळा आला की अर्धवट राहिलेले काम पुढे चालू करते.

आणखी एक गोष्ट. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. म्हणून तो रंगाला आतून ढकलतो आणि वर फोड दिसू लागतो. तांबे किंवा ॲल्युमिनियम यांवर चढणारा थर घट्ट बसतो आणि आतील धातूचे रक्षण करतो. गंजाचा थर मात्र भुसभुशीत असतो. तो पाणी धरून ठेवतो आणि पापुद्रे सुटून खालचे नवे लोखंड उघडे करतो. म्हणूनच गंजावर रंग लावणे निरुपयोगी ठरते.

दोन स्तंभ

येथे कोणी विचारील की, दिल्लीचा लोहस्तंभ मग सोळाशे वर्षे उघड्यावर कसा उभा आहे? सुमारे ७ मीटर उंचीचा आणि ६ टनांहून अधिक वजनाचा हा स्तंभ गुप्तकाळातील आहे. आपल्या मध्य प्रदेशातही धार येथे लाट मशिदीच्या आवारात एका प्रचंड लोहस्तंभाचे तीन तुकडे पडलेले आहेत. अखंड असताना तो दिल्लीच्या स्तंभाहूनही उंच होता. कानपूरच्या आय. आय. टी. तील प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम यांनी या स्तंभांचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांनी दाखवून दिले की दिल्लीच्या स्तंभातील लोखंडात स्फुरद म्हणजे फॉस्फरस हे मूलद्रव्य आजच्या पोलादापेक्षा पुष्कळ अधिक, सुमारे पाव टक्का आहे. आपले जुने लोहार लाकडी कोळशावर, चुनखडी न घालता लोखंड काढीत. त्यामुळे ते स्फुरद लोखंडातच राही. पुढे पाऊस आणि ऊन यांच्या फेऱ्यांत त्यापासून पृष्ठभागावर लोह-फॉस्फेटचा एक अतिशय पातळ, घट्ट थर तयार झाला आणि त्याने स्तंभाचे रक्षण केले.

ही माहिती केवळ अभिमानासाठी सांगितलेली नाही. रंगाच्या दुकानात 'रस्ट रिमूव्हर' म्हणून जी बाटली मिळते तिच्यात बहुधा फॉस्फरिक आम्ल असते. ते गंज विरघळविते आणि पत्र्यावर लोह-फॉस्फेटचाच करडा थर मागे ठेविते. स्तंभाला जे सहजगत्या लाभले, तेच आपण बाटलीतून आणून पत्र्याला देत असतो.

दुसऱ्या प्रकारच्या औषधात टॅनिक आम्ल असते. ते लावताच तांबडा गंज निळसर काळा पडतो. हिरड्याचा काढा आणि हिराकस एकत्र करून आपल्याकडे पूर्वी काळी शाई करीत, ती ज्या क्रियेने काळी होई तीच ही क्रिया. परंतु ही दोन्ही औषधे पातळ गंजावर चालतात. पापुद्रे सुटलेल्या जाड गंजावर ती ओतणे व्यर्थ आहे.

पहिली पायरी : उघडे करणे

आमच्या घरामागे एक पत्र्याची पडवी आहे. तिलाच मी गॅरेज केले. प्रथम पेट्रोलची टाकी काढून दूर ठेवली. रिकामी टाकी निर्धास्त असते हा समज चुकीचा आहे. उरलेली वाफ भरल्या टाकीपेक्षाही लवकर पेट घेते. बॅटरी असेल तर तिच्या तारा सोडवाव्या. नंतर आसन, बाजूचे फुगीर पत्रे, चाके, दिवा असे सुटे भाग काढून प्रत्येकाचे खिळे-नट वेगवेगळ्या डबीत चिठ्ठी लावून ठेवावे. हे सांगावयास क्षुल्लक वाटते. पण जोडणीच्या वेळी याच चिठ्ठ्या कामास येतात.

त्यानंतर मडक्याचीच परीक्षा. लहान हातोडीने किंवा पेचकसाच्या मुठीने सर्वत्र हलकेच ठोकीत जावे. निरोगी पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. जेथे लांबी भरली आहे तेथे लोहचुंबक नीट चिकटत नाही, ही दुसरी खूण. माझ्या गाडीवर मी खडूने वर्तुळे काढीत गेले. शेवटी मोजली तर अकरा भरली.

मग तारेचा ब्रश, खरवडणी आणि काचकागद घेऊन प्रत्येक वर्तुळ चकाकत्या धातूपर्यंत घासले. जुन्या रंगांत शिशाची संयुगे असू शकतात. पूर्वी पूल, जहाजे, वाहने यांच्या पोलादाला पहिला हात शेंदराचा, म्हणजे शिशाच्याच एका ऑक्साइडाचा देत असत. गंजावर तो गुणकारी, पण लहान मुलांच्या मेंदूला शिसे अतिशय घातक. घरगुती व शोभेच्या रंगांत शिसे दहा लाखांत ९० भागांहून अधिक असू नये असा नियम आपल्या देशात नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. जुन्या गाडीवरचा रंग त्याच्या पुष्कळ आधीचा असतो. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये. पाणी लावून घासावा, तोंडाला योग्य मुखवटा बांधावा, चिखल गोळा करून टाकावा आणि लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये. माझ्या मुलीला मदतीची फार हौस होती. तिला चिठ्ठ्या लिहिण्याचे काम दिले.

दुसरी पायरी : धुणे

घासून झाल्यावर लगेच औषध लावण्याचा मोह होतो. परंतु खड्ड्यांतील मीठ ब्रशाने निघत नाही, ते पाण्यानेच निघते. म्हणून तो भाग पुन्हापुन्हा धुऊन कोरडा करावा. येथे बऱ्हाणपूरच्या पाण्याचा एक धडा मिळाला. आपल्या गावचा कुंडी भंडारा तुम्ही पाहिला असेल. १६१५ साली अब्दुर्रहीम खानखानांच्या काळात बांधलेल्या या भूमिगत जलयोजनेच्या भिंतींवर चुन्याचे थर साचलेले दिसतात. आपले भूजल इतके जड आहे. असे पाणी पत्र्यावर सुकले तर क्षारांचे पांढरे डाग राहतात. रंगाखाली गेले तर तेच क्षार ओलावा ओढून फोड आणतात. म्हणून शेवटचा हात बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्याने पुसावा. एक-दोन लिटर पुरते.

त्यानंतर रबरी हातमोजे व चष्मा घालून फॉस्फरिक आम्लाचे औषध बाटलीवरील सूचनेप्रमाणे लावावे. काही जण संडास साफ करण्याचे ॲसिड वापरतात. ते हायड्रोक्लोरिक आम्ल असते. गंज ते क्षणात काढते खरे, पण मागे क्लोराइड ठेविते, आणि मिठातील गंज वाढविणारा घटक नेमका तोच. असा इलाज रोगाहून वाईट.

तिसरी पायरी : ठिगळ

जेथे पत्रा आरपार गेला आहे तेथे दुसरा मार्ग नाही. सडका भाग कापून काढावा आणि त्याच जाडीच्या नव्या पत्र्याचे ठिगळ वेल्डिंगने जोडावे. हे काम घरी करण्याचे नव्हे. मी उघडी केलेली गाडी हातगाडीवर घालून एका वयोवृद्ध वेल्डरकडे नेली. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी खडूच्या वर्तुळांकडे पाहिले, सडक्या कडेला बोटाने दाबले आणि म्हणाले, "मास्टरनीजी, कापड फाटले तर ठिगळ कोठवर लावता? जेथे कापड मजबूत आहे तेथवर ना? मग पत्र्याचेही तसेच." मला छिद्र तळहाताएवढे वाटत होते, त्यांनी जवळजवळ हातभर पत्रा कापला. गंजलेल्या कडेला टाका बसत नाही, हे सत्य शिंपी आणि वेल्डर दोघेही जाणतात.

लांबी मग वापरूच नये काय? अवश्य वापरावी, परंतु ती उंचसखलपणा भरण्यासाठी, छिद्र बुजविण्यासाठी नव्हे. लांबीत सूक्ष्म छिद्रे असतात आणि ती पाणी शोषते. मागून उघडी राहिली तर ओलावा धरून पत्रा सडविते. दोन-तीन मिलिमीटरांहून जाड थर असला तर हादऱ्यांनी तडकते. आमच्या गाडीच्या पूर्वीच्या रंगकामात नेमके हेच झाले होते.

चौथी पायरी : रंग

उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी प्राइमर पडला पाहिजे. रात्रभर ठेवला तर दवानेही तो तांबूस होतो. नेहमीच्या तपकिरी प्राइमरला 'रेड ऑक्साइड' म्हणतात. तो रंग लोहाच्या ऑक्साइडाचाच, गेरूच्याच जातीचा. ज्या कुळातील शत्रूला घालविले त्याच कुळातील एक स्थिर, शांत माणूस पहाऱ्यास बसवावा, तशातला हा प्रकार आहे. परंतु साधा प्राइमर ओलावा आत येऊ देतो, त्यावर अंतिम रंग लवकर द्यावा लागतो. मध्ये काही महिने जाणार असतील तर दोन भाग मिसळून लावण्याचा इपॉक्सी प्राइमर बरा.

प्राइमरनंतर लांबीचा पातळ हात, मग घासणे. काचकागदावर क्रमांक असतो. क्रमांक जितका लहान तितका कागद खरबरीत. लांबीसाठी १२० ते १८०, प्राइमरसाठी ३२० ते ४००, शेवटी पाण्यात भिजवून ६०० असा क्रम ठेवावा. पायऱ्या गाळू नयेत. खरबरीत कागदाचे ओरखडे रंग लपवीत नाही, उलट दाखवितो. डोळ्यांपेक्षा तळहातावर विश्वास ठेवावा. डोळे मिटून हात फिरविला की उंचवटा कोठे आहे ते लगेच समजते.

येथे माझी चूक सांगते. सुट्टी लागली म्हणून मी मे महिन्यात, भर दुपारी, भाड्याच्या फवाऱ्याने रंग देण्यास बसले. बऱ्हाणपूरचा मे महिना तुम्हांला सांगावयास नको. रंगाचे तुषार पत्र्यावर पोचण्यापूर्वीच हवेत सुकू लागले आणि पत्रा काचकागदासारखा खरखरीत झाला. त्यात शेजारच्या गल्लीत यंत्रमाग अखंड चालू. त्यांच्या खिडक्यांतून उडणारा कापसाचा बारीक तंतू ओल्या रंगावर येऊन बसला. संध्याकाळी माझी स्कूटर आकाशी घोंगडीसारखी दिसत होती! सगळे पुन्हा घासून काढले, इपॉक्सी प्राइमर दिला आणि गाडी पावसाळाभर झाकून ठेवली. पावसाळ्यात रंग देणेही वाईटच. थिनर उडून जाताना पत्रा थंड करतो, त्यावर हवेतील बाष्प जमते आणि रंगावर पांढुरकी झाक येते.

ऑक्टोबर महिना उजाडला. यंत्रमागांच्या साप्ताहिक सुट्टीचा दिवस पाहिला. पडवीत भल्या पहाटे सडा टाकला, म्हणजे धूळ बसली. दव उडून ऊन कोवळे असतानाच काम आरंभिले. फवारा पत्र्यापासून वीतभर अंतरावर, हात एकाच वेगाने सरळ रेषेत, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढलेला. पहिला हात इतका पातळ की खालचा प्राइमर दिसावा. पंधरा मिनिटे थांबून दुसरा, मग तिसरा. एकाच हातात झाकण्याची घाई केली की रंग ओघळतो. हार्डनर घालून वापरण्याच्या रंगांत आयसोसायनेट नावाचे द्रव्य असते; त्याने दम्याचा विकार जडू शकतो. असे रंग घरी फवारू नयेत, ती सोय असलेल्या कारखान्यातच द्यावे. मी साधा एन. सी. रंग वापरला, तोही मुखवटा बांधून आणि पडवी तिन्ही बाजूंनी उघडी ठेवून. आसपास चूल, उदबत्ती, विजेची ठिणगी काहीही असता कामा नये. रंग जुनाच, आकाशी ठेवला. रंग बदलला तर नोंदणीपत्रातील नोंदही बदलून घ्यावी लागते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

शेवटी पत्र्याच्या पोटात, जेथे ब्रश पोचत नाही, तेथे मेणयुक्त गंजरोधक फवारले आणि तळाची पाणी निथळण्याची भोके तारेने मोकळी केली. ती चटई मात्र पुन्हा घातली नाही.

तुमच्यासाठी एक प्रयोग

तीन स्वच्छ खिळे आणि तीन बाटल्या घ्या. पहिलीत खिळा साध्या पाण्यात अर्धा बुडवा. दुसरीत उकळून हवा घालविलेल्या पाण्यात तो पूर्ण बुडवून वर तेलाचा थर द्या आणि बूच लावा. तिसरीत खिळा मिठाच्या पाण्यात अर्धा बुडवा. रोज पाहून वहीत नोंद करा. आठवडाभरात लेखातील निम्मी माहिती तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहिलेली असेल. मग घरच्या सायकलीची साखळी, पाण्याच्या टाकीचे झाकण, वडिलांच्या मागाचे भाग यांकडे पाहा. कोणत्या जागी ओलावा साचतो आणि हवा कमी पोचते, ते शोधा. गंज तेथेच सापडेल.

दिवाळीला वडील आले. पायऱ्या उतरून पडवीत गेले, गाडीभोवती एक फेरी घातली. मला वाटले, रंगाविषयी बोलतील. ते सावकाश खाली वाकले आणि पाय ठेवायच्या पत्र्यावर बोटांच्या पेरांनी ठोकून पाहिले. खण्ण असा आवाज आला. त्यांनी दुसऱ्या बाजूलाही ठोकले. मग उठून एवढेच म्हणाले, "फेरीबोटीच्या वेळी आम्ही वरून पुसत होतो, खालून कोणी धुतलीच नाही." आणि नातीला हाक मारून, पुढे उभे न करता, आपल्या मागे नीट बसवून त्यांनी गाडी सुरू केली.